जैवऔषध कंपन्यांची ‘वाढ’ आणि ग्रामीण रुग्णालयातील कुपी : वाढीच्या टप्प्यातील गुंतवणुकीची एक चिकित्सा

गोषवारा

जीवविज्ञान व जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्या संशोधनाच्या अनिश्चित अवस्थेतून बाहेर पडून विस्ताराच्या अवस्थेत आल्या, की त्यांच्यात मोठे खाजगी भांडवल येते. या भांडवलाविषयीचे लेखन बहुधा परताव्याच्या भाषेत होते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा प्रवास आणि प्रतिसर्पविष हे तिचे एक उत्पादन यांच्या आधारे या भाषेतील तीन संज्ञा तपासल्या आहेत : ‘वाढ’, ‘प्रवेशाचा अडसर’ आणि ‘निर्गमन’. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीसारख्या धानपट्ट्यातून पाहिले असता या संज्ञांचा अर्थ कसा पालटतो, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : वाढीचे भांडवल, जैवऔषधे, प्रतिसर्पविष, सर्पदंश, हाफकिन, गडचिरोली.

१. प्रस्तावना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या काठचा चामोर्शी तालुका हा या जिल्ह्यातील धानाचा प्रदेश होय. मार्कंड्याच्या मंदिरसमूहामुळे तो भाविकांना व शिल्पाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अलीकडे मात्र या तालुक्यात ‘गुंतवणूक’ हा शब्द उच्चारला, की कोनसरीचा लोहप्रकल्प आणि सुरजागडचे खनिज डोळ्यांसमोर येते. गुंतवणूक म्हणजे जमीन, यंत्रे, ट्रक आणि रोजगार, असा तिचा दृश्य अर्थ येथे रूढ झाला आहे.

तथापि, आणखी एक गुंतवणूक या तालुक्यात दर पावसाळ्यात पोहोचते आणि ती दिसत नाही. पऱ्हे टाकून झाले, रोवणी सुरू झाली, बांधीत आणि धुऱ्यावर माणसांचा वावर वाढला, की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच दंश करते, आणि पुष्कळदा त्या दंशाची खूणही ठळक नसते. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयाच्या औषधकपाटात प्रतिसर्पविषाची कुपी आहे किंवा नाही, यावर एका घराचे भवितव्य अवलंबून असते. वृत्तपत्रे तिला ‘सर्पदंशाची लस’ म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या ती लस नव्हे. दंश झाल्यानंतर विष निष्प्रभ करणारी ती प्रतिद्रव्ये होत. ही कुपी कोण तयार करतो, त्याच्या कारखान्याची मालकी कोणाकडे आहे आणि ती मालकी कोणत्या हेतूने हस्तांतरित होते, हे प्रश्न चामोर्शीपासून दूरचे वाटले तरी दूरचे नाहीत.

कंपनीच्या नफ्या-तोट्याचा हिशेब मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. गुंतवणुकीची भाषा ही एक संहिता मानून तिचे वाचन करणे आणि त्या वाचनातून काय वगळले जाते ते नोंदविणे, एवढीच त्याची मर्यादा आहे. कंपन्यांविषयीची सर्व माहिती सार्वजनिक व्यवहारांतील आहे.

२. ‘वाढीचा टप्पा’ : संकल्पनेचे स्वरूप

जैवतंत्रज्ञान कंपनीच्या आयुष्याचे भांडवलाच्या दृष्टीने साधारण चार टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात बीजभांडवल येते; त्या वेळी हाती केवळ कल्पना आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष असतात. दुसऱ्या टप्प्यातील साहस भांडवल मानवी चाचण्यांपर्यंतचा धोका पत्करते. तिसरा टप्पा वाढीचा. येथे औषध सिद्ध झालेले असते, विक्री सुरू असते, परवाने हाती असतात. कमतरता असते ती नवा कारखाना, नवी बाजारपेठ किंवा लहान कंपन्या विकत घेणे यांसाठी लागणाऱ्या पैशाची. चौथ्या टप्प्यात संस्थापकांकडून नियंत्रक हिस्साच विकत घेतला जातो. तिसरा आणि चौथा टप्पा व्यवहारात पुष्कळदा एकमेकांत मिसळतात.

वाढीच्या टप्प्याचे आकर्षण उघड आहे. रेणू निरुपयोगी ठरण्याचा वैज्ञानिक धोका बव्हंशी ओसरलेला असतो आणि विस्ताराचा लाभ मात्र शिल्लक असतो. संगणक-प्रणालीच्या कंपनीपेक्षा येथे धीर अधिक लागतो, कारण कारखान्याची मान्यता, गुणवत्तेची तपासणी आणि औषध नियंत्रकांची परवानगी यांना वर्षे लागतात. परंतु धीरालाही मुदत असते. अशा निधीचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास असते आणि एका कंपनीतील मुक्काम सुमारे चार ते सात वर्षांचा असतो. त्या अवधीत मूल्य वाढवून हिस्सा विकावा लागतो, कारण निधीलाही आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करावयाचे असतात.

हे गुंतवणूकदार कोण, हेही पाहिले पाहिजे. भारतात पर्यायी गुंतवणूक निधींविषयी ‘सेबी’ने २०१२ मध्ये जे विनियम केले, त्यांनुसार एका गुंतवणूकदाराने सामान्यतः किमान १ कोटी रुपये घालणे आवश्यक ठरले. सर्वसामान्य माणसासाठी हे दार बंद असते. जागतिक निधींमध्ये मात्र परदेशांतील निवृत्तिवेतन निधी आणि विद्यापीठांचे राखीव निधी यांचा मोठा वाटा असतो. म्हणजेच दूरच्या एखाद्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन आणि झाडीपट्टीतील शेतमजुराची कुपी एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना असू शकतात. या दोघांची गाठ घालून देणारी भाषा परताव्याची आहे. म्हणून त्या भाषेची चिकित्सा आवश्यक ठरते.

३. एका कंपनीचा प्रवास

भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी १९७१ मध्ये स्थापन झाली. दफ्तरी कुटुंबाने उभारलेल्या या मुंबईच्या कंपनीचा कारखाना अंबरनाथ येथे आहे. स्त्रियांचे आरोग्य व वंध्यत्वावरील उपचार, अतिदक्षता विभागात लागणारी औषधे आणि तातडीच्या उपचारांतील प्रतिद्रव्ये ही तिची क्षेत्रे होत. प्रतिसर्पविष हे या शेवटच्या गटातील उत्पादन. देशात प्रतिसर्पविष तयार करणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. मुंबईची ही कंपनी, जुन्नर तालुक्यातील नारायणगावची प्रीमियम सिरम्स, हैदराबादच्या विन्स बायोप्रॉडक्ट्स व बायॉलॉजिकल ई आणि सरकारी मालकीचे हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळ ही त्यांतील प्रमुख नावे.

भारत सिरम्समध्ये प्रथम अल्पसंख्य हिस्सा घेणारे बाह्य गुंतवणूकदार आले. जीवविज्ञान क्षेत्रातच गुंतवणूक करणारी ऑर्बिमेड आणि कोटक समूहाचा खाजगी भांडवल निधी हे त्यांपैकी होत. वाढीच्या भांडवलाचा हा नमुनेदार टप्पा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील ॲडव्हेंट इंटरनॅशनल या निधीने संस्थापक व हे गुंतवणूकदार यांच्याकडून सुमारे ७४ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. जुलै २०२४ मध्ये मॅनकाइंड फार्माने संपूर्ण कंपनी सुमारे १३,६३० कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. मॅनकाइंड ही मे २०२३ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेलेली कंपनी आहे. अशा रीतीने पाच वर्षांच्या आत एका कुटुंबाची कंपनी परदेशी निधीकडे आणि तेथून एका सार्वजनिक समभागांच्या कंपनीकडे आली.

व्यापारी निकषांवर पाहता हा व्यवहार यशस्वी म्हणावा लागेल. ही किंमत संपूर्ण कंपनीची आहे, एकट्या प्रतिसर्पविषाची नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. या खरेदीचे समर्थन करताना मॅनकाइंडने स्त्री-आरोग्य व वंध्यत्वावरील औषधांच्या बाजारातील अग्रस्थान आणि ज्या उत्पादनांच्या क्षेत्रात नव्याने शिरणे स्पर्धकांना अवघड आहे अशी उत्पादने, या दोन गोष्टींवर भर दिला. या दुसऱ्या मुद्द्यापासूनच खऱ्या चिकित्सेला आरंभ होतो.

४. तीन संज्ञांची चिकित्सा

४.१ ‘प्रवेशाचा अडसर’

गुंतवणुकीच्या परिभाषेत प्रवेशाचा उंच अडसर हा गुण मानला जातो. ज्या धंद्यात कोणीही उठून शिरू शकत नाही, त्या धंद्यातील नफा सुरक्षित असतो, अशी त्यामागील धारणा. प्रतिसर्पविषाच्या बाबतीत हा अडसर खरोखरच उंच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष मिळवावे लागते. त्याचा मोठा पुरवठा तमिळनाडूतील इरुला सर्पमित्रांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था करते. हे विष अत्यल्प मात्रेत घोड्यांना टोचून, काही काळ थांबून, त्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वेगळी केली जातात. घोड्यांचे पालन, शुद्धीकरण, निर्जंतुकता आणि प्रमाणीकरण या सर्वांना पिढ्यांचा अनुभव लागतो. मूळ पद्धत १८९० च्या दशकातील आहे आणि तिचा गाभा अद्याप फारसा बदललेला नाही.

हीच वस्तुस्थिती चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयातून पाहिली, तर तिचे नाव निराळे आहे. उत्पादक थोडे आहेत, विषाचे स्रोत थोडे आहेत, आणि एखादा उत्पादक थांबला तर त्याची जागा घेणारा दुसरा वर्षानुवर्षे उभा राहू शकत नाही. ताळेबंदात ज्याला ‘अडसर’ म्हणतात, त्याला औषधकपाटापाशी ‘टंचाईची शक्यता’ म्हणतात. ही दोन भिन्न सत्ये नव्हेत. एकाच सत्याची ही दोन नावे आहेत आणि गुंतवणुकीचे लेखन त्यांतील एकच नाव नोंदविते.

ही शक्यता काल्पनिक नाही. आफ्रिकेतील दहा जातींच्या सापांवर उपयोगी पडणारे ‘फाव-आफ्रिक’ हे प्रतिसर्पविष सनोफी या बलाढ्य कंपनीने २०१४ मध्ये तयार करणे थांबविले. औषध निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे, तर स्वस्त उत्पादनांशी स्पर्धा करून ते परवडेनासे झाले म्हणून. शेवटच्या साठ्याची मुदत २०१६ मध्ये संपली. कंपनी सुदृढ राहिली, औषध मात्र नाहीसे झाले. कंपनीचा टिकाऊपणा आणि औषधाचा टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळतो. संपूर्ण कंपनीच्या किमतीत हा भेद कोठेच दिसत नाही.

४.२ ‘वाढ’

वाढ ही विक्री, नफ्याचे प्रमाण आणि बाजारातील हिस्सा यांत मोजली जाते. प्रतिसर्पविष हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतील औषध असल्याने २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्याची कमाल किंमत शासन ठरविते. त्याचा मोठा ग्राहकही शासनच आहे, आणि शासकीय खरेदी निविदेतील न्यूनतम दरावर होते. किंमत वरून बांधलेली, खरेदी खालून ओढलेली, अशा औषधात नफ्याचे प्रमाण वाढविण्यास वाव कमी राहतो. ज्या मालकाला मुदतीच्या आत मूल्य वाढवून दाखवायचे आहे, त्याचे लक्ष स्वाभाविकपणे जेथे किमतीवर बंधन सैल आहे आणि रुग्ण स्वतः पैसे मोजतो अशा उत्पादनांकडे वळेल. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. मापनपद्धतीच तशी आहे.

येथे एका वैज्ञानिक प्रश्नाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. भारतीय प्रमाणानुसार प्रतिसर्पविषाच्या एका मिलिलिटरने नागाचे व घोणसाचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे. परंतु सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपलब्ध व्यापारी प्रतिसर्पविषे देशाच्या काही भागांतील सापांवर व ‘चार मोठ्यां’बाहेरील विषारी जातींवर अपुरी पडतात, असे आढळले. दक्षिणेकडील विषावर सिद्ध झालेली कुपी पूर्व विदर्भाच्या जंगलातील सापावर कितपत चालते, हा मग केवळ शास्त्रज्ञांचा प्रश्न राहत नाही. परिणाम कमी असेल तर कुप्या अधिक लागतात. मुळात राष्ट्रीय उपचारपद्धतीत विषबाधेची लक्षणे दिसताच सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या देण्याची शिफारस आहे.

प्रदेशनिहाय विष गोळा करून औषध सुधारणे ही खऱ्या अर्थाने वाढ ठरली असती. परंतु अशा सुधारणेने खर्च वाढतो आणि निविदेतील दर मात्र तोच राहतो. चांगली कुपी आणि सामान्य कुपी यांना एकच भाव मिळत असेल, तर चांगली कुपी तयार करण्यासाठी भांडवल का यावे, या प्रश्नाचे उत्तर बाजाराकडे नाही. ‘वाढीच्या टप्प्यातील कंपनी’ ही शब्दयोजना म्हणूनच फसवी ठरते. कंपनी वाढीच्या टप्प्यात असते. तिच्या पोटातील हे औषध मात्र एका जुन्या टप्प्यावरच थांबलेले असू शकते.

४.३ ‘निर्गमन’

गुंतवणूकदार कंपनीतून बाहेर पडतो तेव्हा त्याला निर्गमन म्हणतात. गुंतवणुकीच्या आखणीत प्रवेशाच्या दिवशीच निर्गमनाचा विचार केलेला असतो. यात गैर काही नाही. परत करावयाचा पैसा परत केलाच पाहिजे. तथापि, निर्गमनाच्या करारांत समभाग, कर्जे, दावे आणि हमी यांचा तपशीलवार विचार होतो. अमुक औषधाचा अमुक इतका पुरवठा अमुक वर्षे सुरू राहील, अशी अट घालणारा पक्ष त्या टेबलावर सहसा नसतो. विकणारा, विकत घेणारा आणि त्यांचे सल्लागार उपस्थित असतात. ज्याला बाहेर पडण्याची सोयच नाही, तो रुग्ण आणि त्याचे रुग्णालय अनुपस्थित असतात.

५. अन्य वाटांचा शोध

वाढीच्या खाजगी भांडवलावाचून जैवऔषधे वाढतच नाहीत, असा समज असल्यास महाराष्ट्राचाच इतिहास त्याला छेद देतो.

पहिले उदाहरण हाफकिनचे. १८९९ मध्ये परळ येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था प्रतिसर्पविषाच्या भारतीय इतिहासाचा पाया आहे. तिच्यातून पुढे निर्मितीसाठी वेगळे महामंडळ निघाले. सार्वजनिक मालकी हे या प्रश्नाचे सरळ उत्तर वाटते. परंतु मालकी सार्वजनिक असणे पुरेसे नसते. २०१७ मध्ये राज्यासाठी औषधे खरेदी करण्याचे काम याच महामंडळाकडे सोपविले गेले आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण करावे लागले. औषध तयार करणाऱ्या संस्थेने सहा वर्षे इतरांची औषधे खरेदी करीत बसावे, यातून शासनाच्या ‘गुंतवणुकी’ची दिशाही स्पष्ट होते. खाजगी भांडवलावर टीका करताना हा भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी स्थापन केलेल्या सिरम इन्स्टिट्यूटचे मूळ घोड्यांच्या पैदाशीत आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे प्रतिद्रव्यांसाठी हाफकिनला जात असत. ही कंपनी कुटुंबाच्या मालकीची राहूनच जगातील सर्वांत मोठ्या लस उत्पादकांपैकी एक झाली. तिचे अधिक बोधप्रद प्रकरण म्हणजे आफ्रिकेतील मेंदूज्वराची ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या सुमारे ७ कोटी डॉलरच्या अनुदानातून पाथ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी हा प्रकल्प सुरू केला. आफ्रिकेतील देशांना परवडेल ती किंमत, म्हणजे एका मात्रेस अर्ध्या डॉलरहून कमी, प्रथम ठरविण्यात आली आणि त्या किमतीत बसेल असे तंत्रज्ञान व असा उत्पादक नंतर शोधण्यात आला. २०१० मध्ये बुर्किना फासोत ही लस देण्यास प्रारंभ झाला. नेहमीच्या क्रमात गुंतवणूक आधी येते आणि किंमत तिच्या मागून जाते. येथे किंमत आधी ठरली आणि गुंतवणूक तिच्या मागून गेली. क्रम बदलल्याने काय साधते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

तिसरे उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांचे निरीक्षण करून, रक्तदाबावरील प्राझोसिन हे जुने व स्वस्त औषध त्या रुग्णांचे प्राण वाचविते, हे दाखविले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयीचे लेखन प्रसिद्ध झाले. या शोधात कोणत्याही निधीला स्वारस्य वाटण्याचे कारण नव्हते, कारण जुन्या गोळीवर नवी मालकी सांगता येत नाही. भांडवलाचा आकडा आणि वाचलेल्या जिवांची संख्या यांचे प्रमाण ठरलेले नसते, हे सांगण्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

याच जिल्ह्यातील सिकलसेलकडे पाहिले तर दोन्ही टोके एकाच वेळी दिसतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कॅसगेव्ही’ या जनुक-उपचाराची तेथील किंमत २२ लाख डॉलर ठरली. दुसरीकडे, हायड्रॉक्सियुरिया ही जुनी गोळी आजही अनेक रुग्णांच्या वेदनांचे झटके कमी करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेच्या दिल्लीतील संस्थेने विकसित केलेला ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी जनुक-उपचार जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. ज्या समाजाच्या नायकाचे नाव या उपचाराला दिले आहे, त्या समाजापर्यंत तो कोणत्या किमतीत पोहोचतो, हीच त्याच्या यशाची कसोटी राहील.

६. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेता येतील.

पहिला आक्षेप असा, की मृत्यूंचे कारण औषधाची मालकी नसून औषधापर्यंत न पोहोचणे हे आहे. यात बरेच तथ्य आहे. देशव्यापी मृत्यू-अभ्यासावर आधारित २०११ च्या संशोधनाने २००५ या वर्षात सुमारे ४५,९०० सर्पदंश-मृत्यूंचा अंदाज केला. त्यांतील ९७ टक्के ग्रामीण भागातील होते आणि बहुसंख्य मृत्यू आरोग्य संस्थेबाहेर झाले होते. २०२० मधील पुढील अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू, असा अंदाज दिला. त्यांपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू ज्या आठ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुलाअभावी अडलेली वाट, आधी पुजाऱ्याकडे जाण्याची रीत, रात्रीची वेळ आणि वाहनाचा अभाव ही कारणे कोणत्याही समभागाच्या किमतीत सापडणार नाहीत. परंतु हा आक्षेप मूळ मुद्द्याचे खंडन करीत नाही. लोक पुजाऱ्याऐवजी रुग्णालयात येऊ लागावेत यासाठीच सर्व प्रबोधन चालते. ते सफल झाल्यावर रुग्णालयात कुपी नसेल, किंवा ती अपुरी पडेल, तर त्या प्रबोधनाचा विश्वासघात होईल. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंश प्रतिबंधाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि सर्पदंश हा नोंदणीयोग्य आजार ठरविण्यास राज्यांना सांगितले. अधिक रुग्ण पोहोचले तर मागणी वाढेल. तेव्हा पुरवठ्याचा प्रश्न अधिकच तीव्र होईल.

दुसरा आक्षेप असा, की खाजगी भांडवलामुळेच हे कारखाने चालू आहेत. हेही खरे आहे. व्यावसायिक व्यवस्थापन, गुणवत्तेची शिस्त आणि निर्यातीची क्षमता यांत अशा गुंतवणुकीचा वाटा असतो, आणि मोठ्या समूहाचा भाग झाल्याने तोट्यातील उत्पादन सांभाळण्याची ताकदही येऊ शकते. येथे ‘शकते’ या क्रियापदावरच सारी भिस्त आहे. जे होऊ शकते ते होईलच, याची हमी देणारी तरतूद व्यवहारात असावी, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरा आक्षेप असा, की नवे तंत्रज्ञान हा प्रश्न आपोआप सोडवील. घोड्यांविना तयार होणारी प्रतिद्रव्ये आणि तोंडावाटे घेण्याची औषधे यांवर जगभर संशोधन सुरू आहे, आणि ते आशादायक आहे. मात्र त्यातील व्हॅरेस्प्लाडिब या गोळीच्या विकासामागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाही पैसा होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. तिच्या चाचण्यांत भारतातील रुग्णांचाही सहभाग होता. शेतमजुराच्या गरजेने जे भांडवल पुरेसे हलले नाही, ते सैनिकाच्या गरजेने हलले. तंत्रज्ञान आपोआप येत नाही. कोणाची गरज मोजली जाते, यावर ते येते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वाढीच्या टप्प्यातील जैवऔषध कंपन्यांत येणारे भांडवल उपयुक्त आहे, परंतु त्याच्या मूल्यमापनाची परिभाषा अपुरी आहे. ती कंपनीचे आरोग्य सांगते, औषधाचे सांगत नाही.

२) ‘प्रवेशाचा अडसर’ हा गुंतवणूकदाराच्या दृष्टीने जितका उंच, तितका समाजाच्या दृष्टीने पुरवठ्याचा धोका मोठा. अत्यावश्यक औषध तयार करणाऱ्या कंपनीची मालकी बदलताना त्या औषधाचा पुरवठा निश्चित मुदतीपर्यंत सुरू ठेवण्याची अट शासनाने घालणे न्याय्य ठरेल.

३) निविदेत न्यूनतम दराबरोबर परिणामकारकतेलाही मोल दिले पाहिजे. प्रदेशातील सापांच्या विषावर सिद्ध झालेल्या कुपीला अधिक भाव आणि अनेक वर्षांच्या खरेदीची हमी मिळाली, तर सुधारणेकडे भांडवल वळेल. मेनआफ्रिव्हॅकचा धडा हाच आहे.

४) सार्वजनिक क्षेत्रातील निर्मितीसंस्था दुबळी ठेवून खाजगी क्षेत्राकडून सामाजिक वर्तनाची अपेक्षा करणे विसंगत आहे. हाफकिनसारख्या संस्थेतील गुंतवणूक हा खर्च नसून विमा आहे.

या विषयाचा महाविद्यालयीन अध्यापकांशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात अंशदायी निवृत्तिवेतनाची पद्धत आली आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील वर्गणीचा काही भाग नोंदणीकृत कंपन्यांच्या समभागांत गुंतविला जातो. अध्यापकवर्गही अशा रीतीने, नकळत का होईना, भांडवलदार झाला आहे. आपल्या वर्गणीचा परतावा किती, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. वर्गात समोर बसलेल्या, रोवणीच्या दिवसांत हजेरीपटावर अनुपस्थित राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या गावाला लागणारी कुपी त्या परताव्यात कोठे मोजली जाते, हेही त्याने विचारले पाहिजे. वाढीचा खरा टप्पा कोणता, याचे उत्तर ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीत मिळणार नाही. ते पावसाळ्यातील एखाद्या रात्री ग्रामीण रुग्णालयाचे औषधकपाट उघडल्यावर मिळेल.